पोस्टमनदादा, आईचे हात हातात घेतलेत म्हणून

दादा, नमस्कार.

आईच्या तेराव्याला तुम्ही दाराशी मागेच उभे होतात आणि पान वाढेपर्यंत थांबलाही नाहीत. तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं. फोन लावला असता तर मला दोन वाक्यंही धड बोलता आली नसती, म्हणून हे लिहिते आहे. सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडच लिहिते आहे.

तुमच्या आधी काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कुणाला कळायचं नाही. वडील गेले २००३ साली. ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यामुळे आईला त्यांचं फॅमिली पेन्शन. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, एवढंच काम. तुम्ही आलात त्या वर्षी बँकेनं तिला तीन खेपा घालायला लावल्या. बँकेचं नाव घेत नाही. मशीनवर तिच्या बोटाचा ठसा उमटेना. तिसऱ्या खेपेला खिडकीतला मुलगा मान वर न करता म्हणाला, "आजी, सिस्टीमला तुम्ही दिसत नाही. हयात असल्याचा पुरावा आणा." ७९ वर्षांची बाई, गुडघे धरून रांगेत उभी राहिलेली, त्याच्या समोर होती. घरी येऊन ती ओट्यावरच बसली आणि मला म्हणाली, "मी हाय की गं हितं. आनी कसला पुरावा?"

मला त्या मुलाचा राग अजून आहे. ठसा उमटत नाही हा त्याचा दोष नव्हता, पण मान वर करून तिच्याकडे बघायला काय लागत होतं?

त्या बोटांवर रेषा उरल्या नव्हत्या, त्याचं कारण हळद. वाईकडच्या हळदीचं काम ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. माघ-फाल्गुनात हळद निघाली की मातीसकट गड्ड्यांचा ढीग समोर पडतो. ते गड्डे हातांनी फोडायचे, मुळ्या तोडायच्या, जेठे गड्डे एकीकडे, हळकुंडं एकीकडे. मग शिजवणं, वाळवणं, गोणपाटावर घासणं. वडील सीमेवर आणि आई दुसऱ्यांच्या रानात उकिडवी बसलेली, हे माझं लहानपण. तिच्या नखांच्या कडांचा पिवळेपणा आषाढ आला तरी जायचा नाही. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर ओटी भरायला जाताना ती हात पदराखाली घ्यायची. मोठ्या घरच्या बायकांच्या रांगेत तिला त्या हातांची लाज वाटायची. मला त्या वयात ते कळलं नाही, आणि कळलं तेव्हा तिचे हात थरथरायला लागले होते.

तिला लिहिता येत नव्हतं. साठी उलटल्यावर माझ्या लेकीनं मे महिन्याच्या सुट्टीत पाटीवर गिरवून घेऊन तिला सही शिकवली. आजी-नात दोघी पाटीवर वाकलेल्या, आणि नात ओरडतेय, "आजी, वेलांटी उलटी काढलीस!" त्याआधी सगळीकडे अंगठा. आयुष्यभर लोकांनी तिला अंगठेबहाद्दर म्हणून हिणवलं, आणि म्हातारपणी तो अंगठाही चालेना. हे मला फार लागलं, दादा.

पोस्टातून माणूस घरी येऊन हयातीचा दाखला करून देतो, हे मला ठाऊकच नव्हतं. २०२० पासून ही सोय आहे म्हणे, आणि खर्च ७० रुपये. शेजारच्या काकूंनी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही सायकल टेकवून दारात हजर.

त्यानंतरची वीसएक मिनिटं मी विसरणार नाही. तुम्ही पिशवीतून यंत्र काढलंत, आईचं बोट त्यावर ठेवलंत, उमटलं नाही. दुसरं, तिसरं, नाही. आईनं हात मागे घेतला, तसाच पदराखाली. आता तुम्हीही तेच बोलणार, असं तिला वाटलं असावं. तुम्ही मला म्हणालात, "ताई, जरा कोमट पाणी द्या." आणि खुर्ची सोडून तिच्या खाटेपाशी खाली फरशीवर बसलात. पातेल्यात तिचे दोन्ही हात धरून ठेवलेत आणि विचारलंत, "आजी, काय काम करायचा तुम्ही?" ती म्हणाली, "हळद." मग तुम्ही हळदीचं विचारत राहिलात आणि ती सांगत राहिली. काहिलीखाली जाळ किती ठेवायचा, हळद शिजली हे काडी टोचून कसं बघायचं. तिला एवढं बोलताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

नंतर तुम्ही ते हात टॉवेलनं पुसलेत. एकेक बोट, बोटांच्या बेचक्यासुद्धा, लहान मुलाचे पुसतात तसे. मी तिची लेक. औषधं आणली, डॉक्टर केले, पण तिचे हात असे मी कधी पुसले नव्हते.

ठसा तरीही आला नाहीच. तुम्ही म्हणालात, "असू दे आजी, चेहऱ्यावर करू." तिनं आधी पदर डोक्यावर नीट घेतला, कपाळावरचा केस मागे सारला. तुम्ही मोबाइल धरून तोवर थांबलात. मग म्हणालात, "आता डोळे मिटा आणि उघडा." तिनं गच्च मिटले ते उघडेचना, आणि तुम्ही दोघंही हसलात. दाखला निघाला. तुम्ही तिला म्हणालात, "आजी, तुम्ही आहात. सरकारला कळवलं."

तुम्ही गेल्यावर तिनं मला १९७१ सालची गोष्ट पुन्हा सांगितली. तुम्हाला ती माहीत असायला हवी. वडील मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते, डिसेंबरातल्या युद्धात त्यांची पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात जमालपूरला लढली. मी तेव्हा पाळण्यात. घरात रेडिओ नाही, आईला अक्षरओळख नाही. आळीत पोस्टमन दिसला की तिचे पाय लटपटायचे, कारण तार आली तर काय असणार हे सगळ्या फौजी घरांना ठाऊक होतं. त्या वेळचे पोस्टमन वयस्क होते. ते आळीच्या तोंडापासूनच ओरडत यायचे, "पोरी, तार न्हाय गं, पत्र हाय!" मग ओट्यावर बसून तिला वाचून दाखवायचे, पुन्हा वाच म्हटलं तर पुन्हा. त्यांचं नाव ती शेवटपर्यंत हात जोडून घ्यायची. आपला माणूस जिवंत आहे हे तिला पोस्टमननं सांगितलं. आणि ती स्वतः जिवंत आहे हे बँकेला पटेना, तेव्हा पुन्हा पोस्टमनच आला. "पोस्टाचं खातं तेच हाय बघ," ती म्हणाली. त्या रात्री ती पोटभर जेवली.

दादा, अशी माणसं सगळ्याच खात्यांत असतात, हे मला आता मनापासून वाटतं. उन्हातान्हात टपाल वाटणारी, आपल्या कामात नसलेलं चार पावलं पुढचं काम सहज करणारी. कागदावर त्याची कुठे नोंद होत नाही. तुमच्या त्या वीस मिनिटांची नोंद निदान इथे राहू दे.

एक सांगायचं राहिलं. निघताना तुम्ही चहालाही नाही म्हणालात, तेव्हा आईनं डब्यातली मूठभर हळकुंडं काढून तुमच्या रुमालात बांधून दिली. तुमची लेक दुसरीत आहे हे तिनं बोलता बोलता काढून घेतलं होतं. "तिच्या लग्नाच्या हळदीला ठेव," म्हणाली. ती आईनं स्वतः निवडलेली शेवटची हळद. तिला डब्यात घट्ट झाकून ठेवा आणि दर वैशाखात एकदा कडक ऊन दाखवा, नाहीतर भुंगा लागतो. आणि घरच्या जात्यावर दळून घ्या. गिरणीत दिली तर रंग उतरतो, असं ती म्हणायची.

तुमची,
आजींची मुलगी