खानदेशातील निळ्या बाळांसाठी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

धुळे जिल्ह्यात परिसेविका म्हणून मी उमेदीची सारी वर्षे प्रसूती कक्षात काढली. शिंदखेडा तालुक्यातल्या एका आईची मुलगी आमच्याकडे जन्मली, तेव्हा ती खणखणीत रडली आणि लगेच दूध ओढू लागली. तिसऱ्या दिवशी तिने दूध सोडले. "सिस्टर, पोरले दम लागस," असे तिची आजी पुन्हा पुन्हा सांगत होती. आम्ही न्यूमोनिया समजून औषधे देत राहिलो. चौथ्या रात्री इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली आणि हृदयातून निघणाऱ्या दोन्ही मोठ्या धमन्यांची जागा उलटी असल्याचे कळले. मुंबईला निघालेली ती मुलगी मालेगावच्या पुढे पोहोचली नाही.

या दोषात शुद्ध आणि अशुद्ध रक्त एकमेकांत मिसळत नाही. गर्भातली एक छोटी रक्तवाहिनी जन्मानंतर काही दिवस उघडी असते, तिच्या आधारावर बाळ तगते आणि ती मिटू लागली की निळे पडते. धमन्या आपापल्या जागी जोडण्याची शस्त्रक्रिया १९७५ साली ब्राझीलमध्ये प्रथम यशस्वी झाली आणि आज ती आपल्याकडेही होते. मात्र साधारणपणे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ती करावी लागते, कारण त्यानंतर हृदयाच्या डाव्या कप्प्याचा जोर ओसरतो.

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, आणि खेळता खेळता दम लागून उकिडवी बसणारी कितीतरी मुले त्यांनी शोधून शस्त्रक्रियेपर्यंत नेली, हे मी कृतज्ञतेने लिहिते. महात्मा फुले योजनेमुळे पैशांची अडचणही बरीच सुटली आहे. परंतु अंगणवाडीत जायला बाळ आधी जगावे लागते. नवजात बाळाची तपासणी आम्ही डोळ्यांनी करतो, आणि सावळ्या कातडीवर निळेपणा फार उशिरा दिसतो.

म्हणून माझी विनंती आहे की धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतील प्रत्येक प्रसूतीच्या ठिकाणी, अगदी मोलगी-धडगावच्या डोंगरातही, २४ तासांच्या बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावून नोंद घेणे सक्तीचे करावे. करोनात आलेले बोटाचे चिमटे याला चालत नाहीत. तळपायाला गुंडाळता येईल असा लहान प्रोब, म्हणजे त्या यंत्राची मोजपट्टी हवी. आकडा ९५ टक्क्यांच्या खाली असेल, किंवा हात आणि पाय यांत तीनपेक्षा जास्त फरक असेल, तर पुन्हा तपासून त्याच दिवशी इको व्हावा. जन्मानंतर मिटणारी ती छोटी रक्तवाहिनी उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध तिन्ही जिल्हा ठिकाणी शीतपेटीत तयार असावे. त्या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, त्यामुळे रुग्णवाहिकेत नळी घालून श्वास देता येणारा माणूस सोबत असल्याशिवाय बाळ हलवू नये.

घरी गेलेल्या बाळाला आशाताई तिसऱ्या दिवशी भेटतात. त्यांच्या पिशवीत थर्मामीटर आणि वजनकाटा असतो, त्यातच हे ऑक्सिमीटरही द्यावे.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त परिसेविका, धुळे