भूलतज्ज्ञ मॅडमना अनावृत पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

ऑपरेशन झालं की पेढे सर्जनना जातात. भूल कुणी दिली, हे घरी कुणी विचारतसुद्धा नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला, तेही चारचौघांत.

मला इंटरस्टिशियल सिस्टायटिस आहे, म्हणजे मूत्राशयाचं जुनाट दुखणं. लघवी साठली की ओटीपोटात कळ, मोकळं झालं की तेवढ्यापुरतं बरं, आणि तपासणीत जंतू कधीच नाहीत. त्यात गर्भाशय काढायचं ठरलं आणि माझी झोप उडाली. आधी पित्ताशयाच्या वेळी एका दवाखान्यात ‘एवढ्याशा टाक्यांना एवढं कोण कण्हतं?’ असं ऐकून घेतलं होतं. टाके नव्हतेच हो दुखत, लघवीसाठी घातलेली नळी, म्हणजे कॅथेटर, दुखत होती.

तुम्ही आदल्या दिवशी स्टूल ओढून बसलात आणि पहिलंच विचारलंत, “रोजचं दुखणं दहापैकी किती?” मी म्हटलं, चार. “मग शून्याची आशा नको, परत चारवर यायचं.” माझं रोजचं दुखणं धरून हिशेब मांडणाऱ्या तुम्ही पहिल्याच. जुन्या दुखण्याने नसा आणि मेंदू आधीच चेतलेले असतात, म्हणून त्याच जखमेची कळ अशा पेशंटला जास्त लागते, हे नाटक नाही, असंही सांगितलंत. ते सासूबाईंसमोर सांगितलंत, त्याचे वेगळे आभार!

घरचे सगळ्या गोळ्या बंद करायला निघाले होते. माझ्या जुन्या दुखण्यावरची रात्रीची गोळी, अमिट्रिप्टिलीन, तुम्ही चालूच ठेवलीत. भूल कण्यातून दिलीत. नंतर पॅरासिटामॉल आणि दुसरं वेदनाशामक घड्याळ लावून, कळ उठायची वाट न बघता. कॅथेटर बारीक, तेही बधिर करणाऱ्या जेलीसकट. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी पोट धरतं आणि कुंथलं की ओटीपोटाचे स्नायू आवळतात, म्हणून पोट साफ व्हायचं औषधही पहिल्याच रात्री.

केसपेपरवर तुम्ही लाल पेनाने चौकट काढली होती: ‘कळ आल्यास आधी नळी पाहणे. कॅथेटर सकाळी काढणे.’ रात्री मी कळवळले तेव्हा सिस्टरने ती चौकट वाचली, चादर उचलली आणि मांडीखाली मुडपलेली नळी सरळ केली. पिशवीत लघवी धो धो उतरली, कळ ओसरली. इंजेक्शन लागलंच नाही.

भेटायला येणाऱ्यांनी मोसंबीचा ढीग लावला होता. सोलापुरात रिकाम्या हाताने दवाखान्यात कोण जातं? पण आंबट माझ्या मूत्राशयाला झोंबतं. राउंडला तुम्ही ढिगाकडे बघून माझ्या मुलाला म्हणालात, “ही तूच संपवायची. आईला साधं पाणी, थोडं थोडं.” उन्हाळ्यात पाणी कमी पडून लघवी दाट झाली की ती जास्त जाळते, हेही त्याला बजावलंत. आता तो दर तासाला तांब्या घेऊन मागे लागतो.

टाके दाखवायला पुढच्या आठवड्यात येतेय, तेव्हा शेंगाची चटणी आणते. घरची आहे, झणझणीत. मला ती सोसत नाही, तुम्ही खा.

तुमची एक पेशंट