चिऊला तिचं तिकीट मागू द्या

पुणे,
१८ एप्रिल २०२५

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं, पण दोन्ही वेळा चिऊ शेजारीच घोटाळत होती. तिच्यासमोर तिच्या बोलण्याचा विषय काढायचा नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय, म्हणून पत्र लिहितोय.

जानेवारीपासून चिऊ बोलताना अडखळतेय. कधी ‘म-म-मला’, कधी ‘आ-आ-आजोबा’. कधी आवाजच फुटत नाही. तोंड उघडं राहतं, पापण्या घट्ट मिटतात आणि मूठ आवळली जाते. पहिल्यांदा ती मूठ पाहिली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. तुम्ही हे घरात आधी पाहिलेलं आहे.

आई, तुला आधी एक सांगायचंय. देवळामागच्या कुत्र्याला मी घाबरलो आणि तेव्हापासून माझी जीभ अडकायला लागली, त्या दिवशी मला एकटं सोडायला नको होतं, असं तू आजही म्हणतेस. आई, ते कुत्र्यामुळे झालं नाही आणि तुझ्यामुळे तर मुळीच नाही. आम्ही चिऊला स्पीच थेरपिस्टकडे नेलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो घरात अजून कुणी अडखळतं का, हा. मी माझं सांगितलं, मग आबाकाकांचं सांगितलं. हे बरंचसं रक्तातून येतं. बोलण्याची वेळ जुळवणारी मेंदूतली जी यंत्रणा असते, तिची घडणच काही मुलांमध्ये थोडी वेगळी असते. साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात ते दिसायला लागतं. त्यातली बरीचशी मुलं, चारातली तीन म्हण, पुढे आपोआप नीट बोलायला लागतात, आणि मुलींचं तर मुलांपेक्षा जास्त वेळा सुटतं. एकूण मोठ्या माणसांत शंभरात एखादाच अडखळणारा असतो. माझं राहिलं. चिऊचं काय होईल ते आज कुणी सांगू शकत नाही. म्हणून वेखंड उगाळू नकोस, शंखातलं पाणी पाजू नकोस. तू माझ्यासाठी ते किती मायेनं केलंस ते मला आठवतं. वेखंडाची ती तिखट चव अजून जिभेवर आहे. पण दर वेळी तू वाटी घेऊन आलीस की मला एवढंच कळायचं, की माझ्यात काहीतरी मोडलंय आणि ते अजून दुरुस्त झालेलं नाही.

बाबा, आता तुमच्याशी.

सुट्टीत तुम्ही मला गाडीवर न्यायचात. सांगली स्टँडवरून गाडी निघाली की तुमचा आवाज अख्ख्या गाडीत घुमायचा, ‘माधवनगर, नांद्रे, वसगडे, भिलवडी, पलूस, कुंडल!’ चिमट्याची टकटक, खांद्यावरची कातडी पिशवी, डबल बेल. मला वाटायचं, जगात याहून मोठं काम नसेल. आणि त्या माणसाच्या मुलाला ‘पलूस’ म्हणता येत नव्हतं. कॉलेजला असताना दुसरे कंडक्टर असले की मी कुंडलचं तिकीट काढायचो आणि पलूसला उतरायचो. ‘क’ सुटायचा, ‘प’ सुटायचा नाही. तुम्ही एकदा खिशातली तिकिटं पाहून विचारलंत, कुंडलला कुणाकडे जातोस? मी मित्राचं नाव सांगितलं. असा कुणी मित्र नव्हता.

आई पोहे आणायला पाठवायची आणि मी चुरमुरे घेऊन यायचो, ती मला विसरभोळा म्हणायची. शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी मी हात वर करायचो. पेपरात पहिल्या पाचांत असणारा मुलगा तोंडी परीक्षेच्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरी राहायचा. एक शब्द टाळला की क्षणभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच दुसऱ्या दिवशी तोच शब्द आणखी अवघड होऊन बसतो. हे मला फार उशिरा कळलं.

आणि तुम्ही, बाबा, मी जिथं अडलो तिथं माझ्यासाठी बोलत आलात. दुकानात, अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर, मुलगी पाहायला गेलो तिथंसुद्धा. सासऱ्यांनी मला विचारलं, उत्तर तुम्ही दिलंत. माझे हाल तुम्हाला बघवत नव्हते, ते मला तेव्हाही कळत होतं. आता माझ्या पोरीचा शब्द अडकला की माझ्याही ओठावर तो तयार असतो, आणि तो गिळताना किती त्रास होतो ते कळतंय.

एक गोष्ट इतकी वर्षं लपवली. लग्नानंतर तीन वर्षांनी मला बढती मिळत होती. रोज सकाळी शिफ्ट सुरू होताना चाळीस माणसांसमोर उभं राहून कामाची वाटणी सांगायची होती. मी नको म्हणालो. तुम्हाला सांगितलं की साहेबांनी दिली नाही. आई, तू त्या साहेबांना कितीतरी दिवस बोल लावलेस. माझ्या खोट्यामुळे एका भल्या माणसाला तुझ्याकडून शिव्या बसल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर वर्षभरानं मी इथल्या एका गटात जायला लागलो. दर रविवारी दहाबारा जण जमतात, सगळे अडखळणारे. पहिल्या दिवशी मला माझं नाव सांगायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. पण कुणी मान खाली घातली नाही, कुणी शब्द पुरवला नाही. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव मी पूर्ण सांगितलं.

तिथं एक उलटाच अभ्यास देतात. मुद्दाम अडखळायचं, तेही अनोळखी माणसासमोर, आणि नजर हटवायची नाही. मी स्वारगेटच्या चौकशीच्या खिडकीपासून सुरुवात केली. तीन वेळा रांगेत उभा राहून परत फिरलो. चौथ्यांदा विचारलं, ‘प-प-प-पलूसला जायला कुठली गाडी?’ खिडकीतल्या माणसानं वर पाहिलं आणि म्हणाला, सांगलीची धरा, तिथनं बदला. बस, एवढंच. मागच्या बाईंनी पुढे सरका म्हटलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो, हात थरथरत होते.

मग एक वही केली. डाव्या बाजूला काय होईल असं वाटलं ते लिहायचं, उजव्या बाजूला खरं काय झालं ते. पहिल्या दहा जणांपैकी एक हसला, एकानं शब्द पुरवला, आठ जणांनी सरळ उत्तर दिलं. जो हसला तो कॉलेजचा मुलगा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तरीही अकराव्या माणसाला विचारलं. वही भरत गेली तशी डावी बाजू लहान होत गेली. धीर आधी येईल आणि मग बोलेन, अशी मी तोवर वाट पाहत होतो. तो आला बोलून झाल्यावर, आणि थोडाथोडाच.

बाबा, तुम्हाला जुन्या रेडिओची आवड म्हणून सांगतो. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज अडखळायचा. ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झाल्याचं त्याचं भाषण रेडिओवरून जगभर गेलं, तेव्हा त्याचा शिक्षक लायोनेल लोग त्याच्यासोबत खोलीत उभा होता. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. शब्दांमधल्या लांब फटी ऐकू येतात. मी ते रात्री हेडफोन लावून ऐकतो. शिक्षक जवळ होता, पण राजाच्या जागी बोलला नाही.

मी आजही अडखळतो. गेल्या वर्षीपासून ते सकाळचं काम घेतलंय. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, ‘मी बोलताना अडकतो, थोडं थांबाल.’ चाळीस जण थांबतात.

आता चिऊचं. ती अडकली की तिच्याकडे बघत राहा, तोंडाकडे नको, डोळ्यांकडे. ‘सावकाश बोल’, ‘परत नीट म्हण’ हे नको. शब्द तुम्हाला कळला तरी पुरवू नका. आपणच जरा संथ बोललो तर तिला सोपं जातं. ती काय सांगतेय त्याला उत्तर द्या, कसं सांगतेय त्याला नाही. शेजारीपाजारी कुणी नक्कल केली, तर आई, तू तिच्यासमोरच त्यांना शांतपणे सांग, की आमची चिऊ अशी बोलते. दार लावून कुजबुजू नकोस. ती कुजबूज मला कायम ऐकू यायची.

३ मेला, शनिवारी, आम्ही सांगलीहून दुपारच्या गाडीनं पलूसला येतोय. चिऊला मार्चमध्ये पाच वर्षं पूर्ण झाली, म्हणजे आता तिचं हाफ तिकीट. ते ती स्वतः मागणार आहे. घरात रोज सराव चाललाय. मी कंडक्टर होतो, ती खुर्चीत बसून ‘एक हाफ, प-पलूस’ म्हणते. तुमच्या ओळखीचा कंडक्टर असला तर त्याला आधी काही सांगून ठेवू नका, बाबा, एवढी विनंती.

आणि तुम्ही स्टँडवर असालच. गाडी थांबली की ती दारातूनच तुम्हाला हाक मारेल. ‘आ’वर बहुतेक अडकेल. तुम्ही खालीच उभे राहा, आणि तिचा ‘आजोबा’ पुरा झाला की मग तिला उचलून घ्या.

तुमचा,
पिंटू