आमच्या टायपिंग क्लासला पेनड्राइव्ह आणून देणाऱ्या भाऊंना

महाल, नागपूर

भाऊ, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. ओळखणारे ओळखतीलच.

मे महिन्यात, नवतपा लागायच्या आधीपासूनच, आमची सात नंबरची मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, दुपारी दोनच्या बॅचला रोज बंद पडून बसायची. सकाळी मात्र ठणठणीत. वापरलेल्या चौदा मशीन एकदम घेतल्या होत्या. दुकानदाराच्या म्हणण्यानुसार सगळ्या एकसारख्या. तक्रार केली तर म्हणे, ताई, तुमच्या वायरिंगचा प्रॉब्लेम आहे. मी वायरमन बोलावला, त्याला पैसेही दिले. मशीन बसायची ती बसतच राहिली.

तुम्ही आलात भाचीची फी भरायला. माझी कटकट ऐकून एवढंच विचारलं, "सुरू केल्यावर किती वेळानं बंद पडते, लिहून ठेवलं काय?" तेव्हा राग आला होता, खरं सांगते. मी काहून लिहून ठेवू?

दोन दिवसांनी आयटी पार्कातून सुटून परस्पर क्लासवर आलात, खिशात पेनड्राइव्ह. त्याच्यावरूनच लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम, सुरू होणार, सगळं रॅममध्ये चढणार, आतल्या हार्ड डिस्कला धक्का नाही. मुलींचा सराव जातो की काय, हीच माझी धास्ती होती, ती गेली. शिवाय चौदाही मशीन एकाच सिस्टिमवर मोजल्या जाणार. "नाहीतर आपण मशीन नाही, तिच्यावर साचलेला कचरा मोजतो," हे तुमचं वाक्य मी अजून बॅचला ऐकवते.

एफ-ट्वेल्व दाबायचं, पेनड्राइव्ह निवडायचा, की आपलं काम संपलं. मशीनचा सिरियल नंबर वाचून त्याच नावाची फाइल तुमची स्क्रिप्ट आपणच बनवणार, चाचण्या लावणार, प्रोसेसरचा ताप टिपत राहणार आणि शेवटी मशीन बंद करणार. आत फोरॉनिक्स टेस्ट सूट, म्हणजे मशीनचा वेग मोजायचं सॉफ्टवेअर आहे, ते बॅच मोडमध्ये चालतं, म्हणून मध्ये काही विचारत नाही, हे तुम्ही सांगितलंत. चाचण्या आधीच उतरवून आणल्या होत्या, त्यामुळे आमच्या रडक्या नेटचीही गरज पडली नाही. प्रत्येक चाचणी ते कमीत कमी तीनदा घेतं, आकडे फार इकडेतिकडे गेले तर स्वतःहून आणखी फेऱ्या मारतं. हे मला लगेच पटलं. आमच्याकडेही एकदा मिनिटाला चाळीस शब्द निघाले म्हणून मी कोणाला तयार समजत नाही.

सात नंबरची चाचणी तुम्ही मुद्दाम दुपारी दोनला लावायला सांगितली. सेव्हन-झिप, म्हणजे फाइल दाबून लहान करायची चाचणी, आकडा जितका मोठा तितकी मशीन वेगवान: पहिल्या फेरीत 14,600, तिसरीत 9,200. ताप 98 अंश. शंभराच्या आसपास पोचला की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच हळू होतो, आणि त्यानंही भागलं नाही तर मशीन बंदच पडते. मग तुम्ही ती उचलून दोन नंबरच्या टेबलावर, दोन नंबरच्या बोर्डवर लावली आणि कूलरचं तोंड होतं तसंच राहू दिलं. पुन्हा तेच. वायरिंगचा वाद तिथंच मिटला.

मशीन उघडली. पंख्याखाली धुळीची गोधडी, आणि प्रोसेसरवरची, त्याची उष्णता ओढून नेणारी पेस्ट पानाच्या डब्यातल्या वाळलेल्या चुन्यासारखी. नखानं खरवडली तर पापुद्रे निघाले.

अकरा नंबरचं वेगळंच निघालं. तिच्या मेमरीचा वेग इतरांच्या जवळजवळ निम्मा. रॅम सांगितल्याप्रमाणे आठ जीबीच, पण चारच्या दोन पट्ट्यांऐवजी आठची एकच, म्हणजे दोनऐवजी एकाच वाटेनं ये-जा. टायपिंगला फरक पडत नाही म्हणा, पण "एकसारख्या"चे पैसे मी मोजले होते!

प्रिंट घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं सात नंबरची ओळ तीनदा वाचली. वायरिंगचा शब्द काढला नाही. पंखा बदलून दिला, अकराची रॅमही.

तुम्ही मात्र पैसे घेतले नाहीत. संत्रा बर्फीचा डबा पुढे केला तर एक तुकडा उचललात आणि चहा तेवढा दोनदा घेतलात.

पेनड्राइव्ह माझ्याकडेच राहिलाय. नव्या पंख्यानं सात नंबरची फाइल पुन्हा काढलीय: तिन्ही फेऱ्या चौदा हजारांच्या वर, ताप 71. शनिवारी या, दाखवते. पोहे करीन. तर्री वेगळ्या वाटीत देईन, त्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलेलं पाहिलंय मी.

तुमची,
क्लासवाल्या ताई