भिक्षूंचा एकांत आणि आजाऱ्याचे अंथरूण

संपादक महोदय,

'वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, भिक्षूंनी वस्तीतल्या विहारांत न राहता लेण्यांत जाऊन मौन पाळावे, लोकांच्या व्यापात पडू नये' असे एका वाचकबंधूंचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचले. त्यांची तळमळ खरी आहे. पण लेणी म्हणजे निव्वळ एकांत, हे मला पटत नाही.

मी नाशिकची. पतपेढीत ३१ वर्षे खातेवह्या लिहिल्या. आमच्या त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात उषवदाताचा ब्राह्मी शिलालेख आहे. नहपान या क्षत्रप राजाच्या जावयाने त्या काळची ३००० कार्षापण नाणी अक्षयनीवी म्हणून, म्हणजे मुद्दल कधी मोडायचे नाही अशा बोलीने, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनांकडे, ठेवली. त्यातली २००० दरमहा शेकडा एक व्याजाने. त्या व्याजातून तिथे वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी तिथेच पायरीवर बसून हिशेब मांडला. महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि वीस बारे दोनशेचाळीस. पैचा फरक नाही! अंगावर काटा आला. खाली गोवर्धनात माग चालत होते, म्हणून वर डोंगरात भिक्षूला चीवर मिळत होते, आणि ते कुणी विसरू नये म्हणून दगडात कोरलेले होते.

मौनाचेही तसेच. विनयपिटकातल्या, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या, महावग्गात कोसल देशातल्या काही भिक्षूंची गोष्ट आहे. भांडणतंटा नको म्हणून त्यांनी वर्षावासभर कुणी कुणाशी बोलायचेच नाही असे ठरवले. तथागत बुद्धांनी त्यांची कानउघाडणी केली, हे जनावरांसारखे राहणे झाले म्हणाले. मूकव्रताला मनाई केली आणि प्रवारणा घालून दिली: वर्षावास संपताना 'माझे काही चुकले असेल तर सांगा' असे एकमेकांना म्हणायचे.

आमच्या विहारात दोन भन्तेजी, म्हणजे भिक्षू, आहेत. थोरले सत्तरी ओलांडलेले. धाकटे यंदा खास ध्यानासाठी वर्षावासाला आले. श्रावणात थोरल्यांना जुलाब लागले, अंथरुणातून उठवेना. एका सकाळी मी भोजनदानाचा डबा घेऊन गेले, तर धाकटे भन्तेजी मागच्या नळावर चादर धूत होते. चीवर गुडघ्यापर्यंत वर घेतलेले, हात कोपरापर्यंत फेसात. मी म्हटले, "भन्तेजी, राहू द्या, आम्ही बायका धुतो." "नको ताई. उद्या भात तेवढा मऊ शिजवून आणा," म्हणाले आणि पुन्हा पिळायला लागले. नऊ दिवस हेच चालले होते.

महावग्गात असाच एक भिक्षू अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेला आहे. 'मी संघाच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कुणी माझ्याकडे बघत नाही' असे तो सांगतो. तथागत आणि त्यांचे शिष्य आनंद स्वतः त्याला आंघोळ घालतात. मग तथागत संघाला म्हणतात, इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल, त्याने आजाऱ्याची करावी.

वाचकबंधूंचे एक म्हणणे मात्र मला मान्य आहे. साखरपुडा, गृहप्रवेश, वाढदिवस, सगळ्याला आपण भन्तेजींना बोलावतो. त्यांना ध्यानाला बसायला वेळच उरत नाही. हा दोष आपला. आमच्या उपासिका संघाने आता दुपारी बारा ते चार विहाराचे दार वाजवायचे नाही असे ठरवले आहे.

माझे मिस्टर गेले त्या रात्री थोरले भन्तेजी भर पावसात पायी आमच्या घरी आले होते. आता त्यांच्याजवळ रात्री थांबायला आम्ही घरोघरच्या पुरुषमंडळींच्या पाळ्या लावल्या आहेत. बुधवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत. वाचकबंधू नाशिकचेच असतील तर त्यांनी एक रात्र घ्यावी, ही मनापासून विनंती.

– एक उपासिका, नाशिक