बाग आमची, निधी सरकारचा, कुलूप प्रकाशकाचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना संशोधनाची नियतकालिके ऑनलाइन वाचता यावीत म्हणून केंद्राने आणलेल्या ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ या योजनेचे कौतुक वाचले. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था हे आकडे लिहिताना आपल्या प्रतिनिधीचा ऊर भरून आलेला दिसतो. मात्र ज्यांच्या करातून हा पैसा जातो, पण ज्यांचे नाव कोणत्याही संस्थेच्या हजेरीपटावर नाही, त्यांनी ही नियतकालिके कुठे वाचावीत, याविषयी लेखात एक ओळही नाही.

माझ्या दीड एकर द्राक्षबागेत केंद्राच्या निधीवरील एका प्रकल्पाचे संशोधक लागोपाठ दोन हंगाम, फळछाटणीनंतर, दावण्या या द्राक्षावरील रोगाचा अभ्यास करायला येत असत. तीन ओळींना त्यांनी लाल फिती बांधल्या आणि त्यांवर बुरशीनाशक मारू नका, असे सांगितले. मी मारले नाही. ऑक्टोबरात पाऊस लांबला, त्या ओळींची पाने खालून पांढरी झाली, फुलोऱ्यातले घड वाळून गेले आणि भिंगातून डाग मोजणारे साहेब समाधानाने म्हणाले, “काका, डेटा छान मिळाला.” त्या नुकसानीची माझी तक्रार नाही, ते मी समजून पत्करले होते.

पुढे पुण्यातल्या पुतण्याने मोबाइलवर त्यांचा छापून आलेला निबंध दाखवला. गोषवाऱ्याच्या आठ ओळी फुकट, त्याखाली किंमत ३९.९५ डॉलर. अशा निबंधाच्या शेवटी शेतकऱ्यांचे आभार मानलेले असतात म्हणे. माझे मानले आहेत की नाहीत, हे पाहायलाही तीन-साडेतीन हजार रुपये पडणार. म्हणून एका सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालबाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि लॉगिन फक्त विद्यार्थी व प्राध्यापकांना मिळते, असे अत्यंत नम्रपणे सांगितले. त्या ‘वन नेशन’मध्ये तासगाव तालुका बसत नसावा.

शेवटी साहेबांना फोन केला. “हक्क प्रकाशकाकडे आहेत, काका. खुला करायचा तर ते अडीच हजार डॉलर मागतात,” असे उत्तर आले. ज्या विभागाच्या निधीवर हा प्रकल्प चालला, त्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने जैवतंत्रज्ञान विभागासह डिसेंबर २०१४ मध्येच धोरण काढले आहे. निबंध स्वीकारला गेल्यापासून दोन आठवड्यांत लेखकाने आपली अंतिम प्रत (प्रकाशकाने सजवलेले पान नव्हे) ऑनलाइन भांडारात जमा करावी आणि विज्ञानातला निबंध फार तर सहा महिन्यांनी सर्वांना खुला व्हावा, असे त्यात लिहिले आहे. या वाटेने डॉलर लागत नाहीत, एक फाइल चढवावी लागते. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेने तर निबंध बारा महिने बंद ठेवण्याची सवलतही १ जुलै २०२५ पासून काढून टाकली. आमच्या दावण्याला मात्र छापून येऊन चौदा महिने झाले, तरी प्रत जमा झालेली नाही आणि ती का नाही, असे त्यांना विचारणाराही कोणी भेटलेला दिसत नाही. मी ठिबकच्या अनुदानाला गेलो आणि सातबारा, आठ-अ, पासबुक यांतली एक झेरॉक्स कमी निघाली, की फाइल परत येते. संशोधकांचा पुढचा हप्ता सोडताना एवढी एक प्रत मागायला काय हरकत आहे?

जाता जाता आणखी एक. रविवारचे ते पान पुतण्याला पाठवावे म्हणून आपला ई-पेपर उघडला, तर ‘पुढे वाचण्यासाठी सदस्य व्हा’ अशी पाटी आली. आपले दैनिक सरकारी निधीवर चालत नाही, हे मला कळते. पण बावीस वर्षे जो आपला छापील अंक विकत घेतो आणि तो गावात साडेनऊला पोचला तरी कुरकुर करत नाही, त्याला निदान त्या दिवसाचे पान तरी उघडू द्यावे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली