कडू दुधीच्या रसातून झालेल्या विषबाधेबद्दल तक्रार

पुणे
दिनांक : १८ जून

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : ९ जूनच्या सकाळी घरपोच आलेल्या दुधी-कारले-आवळा रसातून माझ्या यजमानांना झालेली विषबाधा आणि बाटलीवरची घातक सूचना.

महोदय,

गेले चौदा महिने तुमची बाटली रोज सकाळी साडेसहाला आमच्या दाराला अडकवलेल्या पिशवीत येते. यजमानांचं वय ६३, मधुमेह दहा वर्षांचा. फिरून आले की ते हा रस घेतात आणि मग तासाभराने नाश्ता. महिन्याचे पैसे आम्ही आगाऊ भरतो. इतक्या दिवसांत तुमच्याकडे एकही तक्रार केलेली नाही. एकदा बाटली तडकलेली आली, तीसुद्धा आणून देणाऱ्या मुलाच्या पगारातून कापाल म्हणून कळवली नव्हती. हे आधी सांगते, कारण तुमच्या चॅटवरच्या माणसाने मला ‘नेहमी तक्रार करणाऱ्या ग्राहकां’सारखं उत्तर दिलं.

९ तारखेला यजमानांनी बाटली हलवली, रस स्टीलच्या पेल्यात ओतला, एक घोट घेतला आणि थांबले. “आज फारच कडू आहे गं,” म्हणाले. मी ओट्यापाशी कणीक मळत होते. मागे वळूनही न बघता मी म्हटलं, “कारलं जास्त पडलं असेल. बाटलीवर लिहिलंयच ना, कडू लागणार म्हणून. प्या एका दमात.” ते प्यायले. सगळा पेला प्यायले.

हे वाक्य माझं नव्हतं, तुमचं होतं. तुमच्या बाटलीवर आवळ्याच्या चित्राखाली बारीक अक्षरात छापलंय : “चव कडवट लागणे नैसर्गिक आहे. एका दमात प्यावे.” चौदा महिने रोज डोळ्यांसमोर असलेलं वाक्य माझ्या तोंडात बसलं होतं. नऊ दिवस झाले, ते माझ्या कानातून जात नाही.

बाटलीच्या तळाशी दोन बोटं रस उरला होता. नक्की किती कडू आहे बघावं म्हणून मी चमचाभर तोंडात घेतला. कारल्याचा कडूपणा मला ठाऊक आहे, आमच्याकडे आठवड्यातून एकदा कारलं होतंच. तो जिभेवर येतो आणि दोन घास भात खाल्ला की विरतो. हा तसा नव्हता. घशाच्या मागे जाऊन चिकटला. गुळाचा खडा चघळला, पाणी प्यायले, तरी हलेना. तेव्हाच माझ्या पोटात धस्स झालं, कारण हा कडूपणा मी आयुष्यात एकदा आधी चाखलेला आहे.

माझ्या सासूबाई दुधी चिरताना देठाकडची एक चकती कापून जिभेला लावून बघत. दुधी, काकडी, दोडका, पडवळ, वेलावरची कुठलीही भाजी असो, आधी चाखायची, मग विळीवर धरायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी मला मुद्दाम एक कडू निघालेली चकती चाखायला लावली होती. “ही चव लक्षात ठेव,” म्हणाल्या. तो दुधी त्यांनी गोठ्यातसुद्धा टाकू दिला नाही, खड्डा करून पुरला. मला तेव्हा ते जुन्या बायकांचं अति वाटलं होतं. बाटलीतला रस सुरू झाला आणि चाखायचं काम आपोआप तुमच्याकडे गेलं, निदान मी तसं धरून चालले.

सात वाजून वीस मिनिटांनी यजमानांच्या पोटात कळ आली. त्यानंतर उलट्या, मग जुलाब, मग पुन्हा उलट्या. पावणेआठच्या उलटीत रक्त होतं. हात गार पडले, कपाळावर घामाचे थेंब. शेजारच्या मुलाने गाडी काढली. निघताना बाटली मी पदराखाली घेतली होती, का घेतली ते मलाही सांगता येणार नाही. अपघात विभागात रक्तदाब ८०/५० भरला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं आणि मी ‘दुधीचा रस’ एवढे दोन शब्द उच्चारताच त्यांनी पुढचा प्रश्न केला, “कडू होता का?”

एका वाक्यात त्यांनी जे ओळखलं, ते रसाचा धंदा करणाऱ्या तुमच्या कंपनीला माहीत नसेल, असं मी मानत नाही. तरीही लिहिते, म्हणजे माहीत नव्हतं असं पुढे म्हणता येणार नाही.

दुधी, काकडी, दोडका, भोपळा या वेलवर्गीय कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. किड्यांनी आणि जनावरांनी खाऊ नये म्हणून वेल ती स्वतःच तयार करतो. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचं बी राखून आपल्या ताटातल्या जातींतून हा कडूपणा जवळजवळ घालवला. पण तो पुरता गेलेला नाही. उन्हाचा ताण बसला, पाणी कमी पडलं, किंवा कडू जातीचे पराग लागलेलं बी पेरलं गेलं, की एखाद्या वेलाचं फळ कडू निघतं. सतारीसाठी मिरजेला जे भोपळे जातात, ते याच दुधीच्या जातीचे आणि कडू. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे शेतकरी ते मुद्दाम लावतात, पण कुणी त्यांची भाजी करत नाही. बाजारात आलेला कडू दुधी मात्र बाहेरून ओळखू येत नाही. तोच पोपटी रंग, तीच लव, नख लावलं तर तसाच कोवळा. शिजवूनही हे विष भरवशाने जात नाही. त्यावर उतारा म्हणून औषध नाही. रुग्णालयात शिरेतून सलाइन देतात, आम्ल कमी करणारी इंजेक्शनं देतात, रक्तदाब सावरतात आणि वाट बघतात.

म्हणजे आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ती जीभ. भाजी कडू लागली तर माणूस पहिल्या घासाला ताट सरकवतो, म्हणून भाजीने सहसा कुणी इतकं आजारी पडत नाही. रसाचं उलटं आहे. रस औषध म्हणून घेतला जातो, नाक दाबून घेतला जातो, अनशेपोटी घेतला जातो. आणि कडू म्हणजे गुणकारी, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. मधुमेही माणूस तर कडूपणावर विश्वासच ठेवून बसलेला असतो.

२०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. ते आणि त्यांच्या पत्नी दुधी आणि कारल्याचा एकत्र रस बरीच वर्षं घेत होते. त्या दिवशी तो जास्त कडू लागला, दोघेही प्यायले, त्या वाचल्या, ते वाचले नाहीत. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची तज्ज्ञ समिती नेमली गेली. तिने सांगितलं ते अगदी साधं आहे. रस काढण्याआधी प्रत्येक दुधीचा तुकडा चाखावा, कडू असेल तर दुधी टाकून द्यावा. कडू रस कोणत्याही परिस्थितीत पिऊ नये. दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नये. पिऊन अस्वस्थ वाटलं तर लगेच रुग्णालय गाठावं. पुढे २०१८ च्या जूनमध्ये आपल्याच पुण्यात दुधीचा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. २०१५ मध्ये जर्मनीतल्या हायडेनहाइम गावी एक वृद्ध गृहस्थ शेजाऱ्याने पिकवलेली झुकिनी खाऊन गेले. झुकिनी याच कुळातली. त्यांच्या पत्नीने कडू लागली म्हणून थोडीच खाल्ली आणि त्या वाचल्या. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. तिथेही वाचवलं ते जिभेनेच.

माझी खरी तक्रार इथे आहे. एखादा कडू दुधी तुमच्या यंत्रात गेला, ही चूक झाली असं मी एकवेळ समजू शकते. माल मंडईतून येतो, पहाटे तीनला काम सुरू होतं, माणसं थकलेली असतात. पण दुधीत कारलं घालायचं हे ठरवून केलेलं आहे. कारल्याचा कडूपणा दुधीच्या कडूपणाला झाकतो. वर आवळ्याचा आंबटपणा, आलं, पुदिना. एवढं सगळं मिसळल्यावर चाखायला उरलं काय? आणि इतकं करूनही एखाद्या दिवशी जिभेला शंका आलीच, तर ती शंकासुद्धा गिळून टाका असं सांगणारं वाक्य तुम्ही बाटलीवर छापलंत. माणसाला मिळणारा एकमेव इशारा तुम्ही आधी झाकलात आणि मग खोटा ठरवलात.

आता त्या दिवशी तुमच्याकडून काय झालं ते सांगते. सकाळी नऊ चाळीसला, यजमान अतिदक्षता विभागात असताना, मी तुमच्या ॲपवर कळवलं. यंत्राने आधी बाटलीचा फोटो मागितला. अकरा वाजता एका माणसाचा संदेश आला, “मॅडम, आमचा रस शंभर टक्के नैसर्गिक आहे, कडूपणा हे अस्सलपणाचं लक्षण आहे.” दुपारी वॉलेटमध्ये साठ रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. त्याच सकाळी त्याच बॅचचा रस आणखी किती घरी गेला, हे मी तीनदा विचारलं. त्याला आजपर्यंत उत्तर नाही.

आमच्या इमारतीत तुमची बाटली तीन घरी येते. रुग्णालयाच्या बाकावर बसून मी बाकीच्या दोन घरी फोन केले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी एक घोट घेऊन तो बेसिनमध्ये थुंकला होता. चौथ्या मजल्यावरच्या मुलीने बाटली फ्रीजमध्ये ठेवली होती. व्यायामशाळेतून आल्यावर पिणार होती, तिला पाचवा महिना आहे. दोन फोन करायला मला चार मिनिटं लागली. तुमच्याकडे तर सगळ्यांचे नंबर एका यादीत आहेत.

यजमानांच्या जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सूज आणि रक्त येणाऱ्या जखमा दुर्बिणीच्या तपासणीत दिसल्या. दोन रात्री ते अतिदक्षता विभागात होते, पाचव्या दिवशी घरी आले. सध्या पेज, ताक आणि मऊ भात. बरे आहेत, पण पाण्याचा पेला पुढे केला तरी आधी वास घेतात.

रुग्णालयाचं बिल आणि निदानाची कागदपत्रं सोबत जोडली आहेत. तो खर्च मला मिळायला हवा आणि तो मी मागणारच. पण त्याआधी मला तुमच्याकडून लेखी हवंय की दुधी आणि कारल्याचा एकत्र रस तुम्ही बंद करत आहात. निव्वळ दुधीचा रस विकायचा असेल, तर प्रत्येक दुधी यंत्रात जाण्याआधी कापून चाखणारं माणूस तिथे हवं आणि रोजच्या बॅचपुढे त्याची सही हवी. ‘एका दमात प्यावे’ हे वाक्य जाऊन तिथे ठळक मराठीत ‘कडू लागल्यास पिऊ नका, थुंकून टाका, उलटी किंवा पोटदुखी झाल्यास ताबडतोब रुग्णालयात जा’ असं यायला हवं. ९ जूनच्या सकाळी ज्या ज्या घरी ती बाटली गेली, त्या प्रत्येक घरी तुम्ही स्वतः फोन करून विचारपूस करायला हवी, आजही उशीर झालेला नाही. आणि तक्रारीला उत्तर देणाऱ्या तुमच्या मुलांना निदान एवढं शिकवा की ‘कडू’ हा शब्द कुणी लिहिला, तर पहिला प्रश्न ‘किती प्यायलात, आता कसं वाटतंय’ हा विचारायचा. फोटो नंतर मागा.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाची तरतूद आहे. वापरामुळे इजा होऊ नये म्हणून आवश्यक तो इशारा न देणं हा त्यात उत्पादकाचा दोष धरला जातो. तुम्ही तर इशारा न देण्याच्याही पुढे गेलात. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात मी १५ तारखेला अर्ज दिला आहे, त्याची पोच माझ्याजवळ आहे. पंधरा दिवसांत तुमचं उत्तर आलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मला कोर्टकचेरीची हौस नाही. पण उद्या सकाळी साडेसहाला कुणाच्या तरी दाराला ती पिशवी लटकलेली असणार आहे, आणि आतल्या माणसाला कुणीतरी प्रेमाने म्हणणार आहे, ‘कडू असलं तरी प्या.’

बाटली आणि तिच्या तळाशी उरलेला रस रुग्णालयाने नमुना काढून परत दिला. बाटलीवर बॅच क्रमांक आणि तारीख स्पष्ट दिसते. ती पिशवीत गुंडाळून मी फ्रीजरमध्ये ठेवली आहे. तपासणीसाठी तुमचा माणूस पाठवायचा असेल तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांसमक्ष, सकाळी अकरानंतर पाठवावा. त्याआधी आम्ही दवाखान्यात असतो.

आपली,
चौदा महिन्यांची एक ग्राहक

सोबत : रुग्णालयाचं बिल, तपासणीचा अहवाल, बाटलीवरच्या मजकुराचे दोन फोटो, ॲपवरच्या संभाषणाची प्रत.